डाव्या डोळ्यानं दिसतं, असं मी खोटं सांगितलं

माझं नाव सुनंदा, वय पंचेचाळीस. मी एस.टी.त कंडक्टर होते, मेहकर-जालना गाडीवर. आज मला डावा डोळा नाही, वरच्या जबड्याचा डावा भाग नाही, आणि टाळूच्या जागी काढता-घालता येणारी प्लेट आहे. नाकातल्या बुरशीनं हे झालं. खरं सांगायचं तर निम्मं बुरशीनं केलं आणि निम्मं मी. माझ्या वाट्याच्या त्या निम्म्याबद्दल मुख्यतः लिहिते आहे, कारण ते टाळता आलं असतं.

सर्दी

चार वर्षांपूर्वी तपासणीत शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. पण गोळी घेतली की तासाभरात भूक लागायची, हातपाय थरथरायचे, आणि गाडीवर जेवणाची वेळ आपल्या हातात नसते. म्हणून ड्यूटीच्या दिवशी गोळी बंद. ड्यूटी जवळजवळ रोजच असायची. बाईमाणसाला रस्त्यात सारखं लघवीला जाणं जमत नाही, म्हणून पाणीही प्यायचे नाही. सकाळी एक कप चहा, की थेट जालना. शुगर किती आहे हे दोन वर्षं मी मोजलं नव्हतं. मोजली नाही म्हणजे नाही, असा माझा हिशेब.

मग एका हिवाळ्यात डावी नाकपुडी बंद झाली. गाडीत दिवसभर धूळ, त्यामुळे कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही. आमच्या सुलतानपुरात ओळखीच्या एका मेडिकलवाल्याकडून मी सर्दीच्या गोळ्या मागून घेतल्या. बारीक, पांढऱ्या. दोन दिवसांत नाक मोकळं झालं, डोकं हलकं झालं. म्हणून मी त्या महिनाभर घेतल्या. त्या गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या, त्यांनी शुगर चढते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं, हे मला फार नंतर कळलं. मेडिकलवाल्याला दोष देत नाही. मागायला मीच गेले होते.

गोळ्या थांबवल्या तसं डावं कपाळ ठणकू लागलं. नाकातून तपकिरी पाणी यायचं, त्याला वास यायचा. मग एका सकाळी तोंड धुताना डाव्या गालावर पाणी पडलेलं कळलंच नाही. बोटानं दाबून पाहिलं. गाल दुसऱ्याच कुणाचा असावा तसा लागला. त्याच आठवड्यात वरची दाढ हलू लागली. मेहकरच्या दातांच्या डॉक्टरांनी ती काढली. ती काढताना दुखलं नाही, याचंच मला बरं वाटलं.

जखम भरेना. पाच दिवसांनी परत गेले तेव्हा डॉक्टरांनी बॅटरी धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ताई, हे दाताचं दुखणं नाही. आज शुगर तपासा आणि जालन्याला नाकाच्या डॉक्टरांना दाखवा. स्कॅन करायला लावतील. वेळ लावू नका."

मी "हो" म्हणाले. चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. मग अकरा दिवस गेले. ऋतुजाचं, माझ्या मुलीचं, बारावीचं वर्ष होतं, प्रॅक्टिकल तोंडावर आलं होतं. एक कंडक्टर रजेवर होती, तिची ड्यूटी माझ्याकडे होती. ही कारणं खरी आहेत. पण मी रोज जालन्यालाच तर जात होते. स्टँडपासून तो दवाखाना चालत दहा मिनिटांवर होता. गाडी फिरेपर्यंत पाऊण तास मोकळा असायचा. तो पाऊण तास मी गाडीतच बसून काढायचे. मला भीती वाटत होती, एवढंच.

दोन दोऱ्या

बाराव्या दिवशी, बिबी सोडल्यावर, घंटीची दोरी ओढायला हात वर केला आणि हातात हवाच आली. वर पाहिलं तर दोन दोऱ्या दिसत होत्या. समोरच्या सीटवरची म्हातारीही दोन. डावा डोळा मिटला की एकच. मी डोळ्यावर पदर धरून तिकिटं फाडत राहिले.

दुसरबीडला गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हर शेषरावभाऊ वळून काही विचारायला लागले आणि मधेच थांबले. नऊ वर्षं आम्ही एका गाडीवर होतो.

"ताई, डोळ्याले काय झालं? पापणी उघडूनच नाही राह्यली."

"काही नाही भाऊ. धूळ गेली."

"धुळीनं पापणी लटकते काय?" ते खाली उतरून दारापाशी आले. "गाल पाहा तुमचा केवढा सुजला. काऊन लपवून राह्यल्या? थांबा, मी दाजीले फोन लावतो."

माझे मालक, प्रकाश, शेतात होते. मोटरसायकल काढून अर्ध्या तासात दुसरबीडला पोचले. तोवर गाडी थांबली होती आणि एकाही प्रवाशानं कुरकुर केली नाही. सिंदखेडराजाला दुसऱ्या कंडक्टरच्या हाती मी तिकिटाचं मशीन आणि बॅग दिली, आणि माझ्याच गाडीत प्रवासी होऊन जालन्याला गेले. मालक शेजारी बसले होते. पर्समधली चिठ्ठी मी तेव्हा काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी तारीख पाहिली. घडी घालून खिशात ठेवली.

नाव कळलं तो दिवस

जालन्याच्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घातली. पडद्यावर मला माझ्या नाकाचं आतलं दिसत होतं. सगळं लालसर असायला हवं तिथं काळं होतं, चुलीतल्या कोळशासारखं. चिमट्यानं डॉक्टरांनी तो काळा भाग ओढला, तुकडा निघाला, तरी मला काही लागलं नाही.

"बुरशी आहे," ते म्हणाले. "नाकातून सायनसमध्ये, तिथून हाडात गेली आहे. डोळ्याकडं निघाली आहे. शुगर चारशेच्या वर आहे तुमची."

मालकांनी विचारलं, "औषधानं जाईल ना साहेब?"

"नुसत्या औषधानं नाही. आजच्या आज संभाजीनगरला न्या. उद्या नाही, आजच."

बुरशी म्हणजे मला लोणच्यावर येते ती माहीत होती. पावसाळ्यात भाकरीवर येते ती. आपल्या चेहऱ्यात, हाडाच्या आत ती महिनाभर वाढत होती आणि वरून मी पावडर लावून ड्यूटीवर जात होते, हे मनात काही केल्या बसेना. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ऋतुजाले सांगू नका. पेपर होऊ द्या." मालक पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "अजून लपवतच राह्यती काय वं तू?"

वॉर्ड

संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयात दुसऱ्या दिवशी पहिलं ऑपरेशन झालं. डावे सायनस साफ केले, वरचा डावा जबडा दातांसकट आणि अर्धी टाळू काढली. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात कापसाचा बोळा, नाकात नळी, आणि बोलायला गेले तर नुसता वाऱ्याचा आवाज. मालकांनी एक वही आणून दिली. पुढचे कित्येक महिने ती वही म्हणजे माझं तोंड.

सकाळी बोटाला सुई टोचून शुगर. मग नाक-तोंडाची धुलाई, तिला मी सगळ्यात जास्त भ्यायचे. मग अकराच्या सुमाराला काळ्या कागदात गुंडाळलेली पिवळ्या औषधाची बाटली लटकवायचे. अर्ध्या तासात हुडहुडी भरायची. पलंग हलायचा इतकी. तीन घोंगड्या घातल्या तरी दात वाजायचे, म्हणजे जे उरले होते ते. औषधानं मूत्रपिंडं बिघडतात म्हणून रोज रक्त काढायचे. नर्स एका दंडावर जागा शोधायची, मग दुसऱ्या.

शेजारच्या खाटेवर देऊळगाव राजाच्या कौसल्याबाई होत्या. साठीच्या, मोठ्या घरच्या. त्यांनाही हाच आजार, डोळा टोमॅटोएवढा सुजलेला. मला बोलता येत नाही हे त्यांच्या पथ्यावर पडलं असावं, कारण त्या दिवसभर बोलायच्या. बालाजीच्या मंदिराच्या, सुनांच्या, कापसाच्या गोष्टी. मला हुडहुडी भरली की पलंगावरून हात लांब करून माझं मनगट धरून ठेवायच्या. "होते, होते. झालं. आता जाते पाहा," असं म्हणत राहायच्या. हुडहुडी थांबेपर्यंत हात सोडायच्या नाहीत.

बोटं

ऑपरेशननंतर चौथ्या सकाळी उठले आणि डाव्या डोळ्यासमोर काहीच नव्हतं. अंधारही म्हणता येणार नाही. पाठीमागं जसं आपल्याला काही दिसत नाही, तसं.

मी कुणाला सांगितलं नाही. आदल्याच दिवशी मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना कौसल्याबाईंच्या पलंगापाशी सांगत होते, नजर गेली की डोळा ठेवण्यात अर्थ नसतो, तो काढावाच लागतो. ते मी ऐकलं होतं. म्हणून विचारलं की मान हलवायचे, दिसतं म्हणून. दोन दिवस हे चालवलं.

तिसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डाच्या डॉक्टर मॅडम नवा स्कॅन घेऊन आल्या. माझ्या ऋतुजापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी माझा उजवा डोळा तळहातानं झाकला.

"ताई, किती बोटं?"

मी अंदाज केला. आपला हात वर करून तीन बोटं दाखवली.

"आता?"

मी दोन दाखवली.

त्यांनी तळहात काढला. त्यांचा दुसरा हात खिशात होता.

"ताई, मी बोटं दाखवलीच नाहीत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कधीपासून दिसत नाही?"

मालक पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. मी वहीवर लिहिलं, "परवा." ते पान त्यांनाही दिसलं.

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. बुरशी डोळ्याच्या मागं गेली होती आणि तिथून मेंदू बोटभर अंतरावर होता. डोळा काढला तर वाचण्याची आशा आहे, खात्री नाही. नाही काढला तर आठवडा, दोन आठवडे. त्यांनी काही लपवलं नाही आणि घाईही केली नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "सही तुमची लागेल. घरच्यांची नाही, तुमची."

सही

आमचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते निम्मं वहीवर.

"थोडं थांबू," मालक म्हणाले. "घरी विचारू. डोळा ठेवून काही होते का ते पाहू. बाईमाणूस आहे तू. असा चेहरा घेऊन कुठं जाशीन?"

मी लिहिलं, "मी थांबलेच होते. अकरा दिवस."

"तेच तर! तवा कोणाले विचारलं नाही, आताही नको विचारू म्हण!"

मी लिहिलं, "डोळा मेलेला आहे."

"मग मेलेला राहू दे, पण जागेवर राहू दे!" ते इतक्या जोरात बोलले की वॉर्ड शांत झाला. त्यांनी घामेजलेला चेहरा पुसला, "खाली जाऊन येतो" म्हणाले आणि गेले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

त्याच दुपारी कौसल्याबाईंची मुलं आली. त्यांनी घरी न्यायचं ठरवलं होतं. आईचा चेहरा कापायचा नाही, झाडपाल्याचं औषध देऊ, असं दोघांचं मत पडलं. डॉक्टर मॅडम त्यांच्याशी दारात अर्धा तास बोलल्या. कौसल्याबाईंना कुणी विचारलं नाही. व्हीलचेअरवर बसवताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मले काय, माह्यं सगळं झालं," त्या म्हणाल्या. "तुही पोर लहान आहे. तू सही कर." एवढं बोलून त्या गेल्या.

मी नर्सला खुणेनं कागद मागितला. सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनला नेण्याआधी वॉर्डात झाडलोट करणाऱ्या शकुंतलाबाई आल्या. केस दहा दिवस विंचरलेले नव्हते. त्यांनी हात धुतले, आपल्याकडचा कंगवा आणला आणि गुंता सोडवत बसल्या. "दोन वेण्या घालते, म्हणजे पट्टी बांधायले केस मधात नाही येणार," म्हणाल्या. रात्रपाळी संपल्यावर घरी जायचं सोडून त्या अर्धा तास माझ्या मागं बसून होत्या. त्या अर्ध्या तासात मी पहिल्यांदा रडले. एकाच डोळ्यातून पाणी आलं.

ट्रॉली बाहेर काढली तेव्हा जिन्याच्या पायरीवर मालक बसलेले दिसले. कालच्याच कपड्यांवर. ते उठले आणि दारापर्यंत ट्रॉलीबरोबर चालत आले.

घर

दीड महिन्यानं घरी आले. सगळ्यांना वाटतं की घरी आलं म्हणजे सुटलं. मला घर वॉर्डापेक्षा जड गेलं.

रोज दोनदा डोळ्याची जागा धुवायची असते. ते काम ऋतुजानं घेतलं. प्रॅक्टिकल बुडालं होतं, ते वर्षच तिनं सोडलं. पहिल्या दिवशी पट्टी काढल्यावर ती परसात जाऊन ओकली, चूळ भरून परत आली आणि काम पूर्ण केलं. त्यानंतर कधी ओकली नाही. पण एके दिवशी धुता धुता म्हणाली, "आई, त्या दातांच्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हाच तू गेली असतीस तर..." मी वही जवळ ओढली आणि परत ठेवून दिली.

टाळू नव्हती, त्यामुळे जे गिळायचे त्यातलं काही नाकातून बाहेर यायचं. एका दुपारी सगळे जेवत होतो आणि वरण नाकातून माझ्याच ताटात पडलं. मालक ताट घेऊन उठले आणि ओसरीवर जाऊन जेवले. दुसऱ्या दिवसापासून मी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून जेवू लागले. कुणी ये म्हटलं नाही. हे तीन महिने चाललं. ऑपरेशन, सुया, हुडहुडी, हे सगळं मी सांगू शकते. त्या भिंतीकडं तोंड करून जेवलेल्या घासांबद्दल मला अजून नीट सांगता येत नाही.

कौसल्याबाई घरी गेल्यावर नवव्या दिवशी वारल्या, हे मालकांना तेव्हाच कळलं होतं. मला त्यांनी दोन महिन्यांनी सांगितलं. पलंगाच्या उजव्या बाजूला बसून, खाली पाहत. "सही नसती केली तं..." म्हणाले. "मी भेलो होतो. तुह्या डोळ्यापायी नाही. लोक काय म्हणतीन, यापायी. दोन पोरांनी मायले उचलून नेलं ते मी जिन्यातून पाह्यलं, अन् तवाच समजलं का मी बी तेच करून राह्यलो होतो. तरी वर यायची हिंमत नाही झाली."

मी त्यांना माफ केलं का? काही दिवशी हो. ते अजूनही माझ्या उजव्या बाजूलाच बसतात. पण आता जेवायला सोबत बसतात.

प्लेट

जखम सुकल्यावर टाळूची प्लेट बसवली. दात लावलेली, गुलाबी. डॉक्टरांनी सांगितलं, "काहीतरी बोला." इतके महिने डोक्यात वाक्यं साठली होती, आणि तोंडातून निघालं, "पाणी द्या." पाणी प्यायले. नाकातून आलं नाही. ऋतुजा शेजारी होती. ती म्हणाली, "अजून पी." मी तीन ग्लास प्यायले.

प्लेट रोज काढून धुवावी लागते. ती काढली की आवाज पुन्हा वाऱ्यासारखा. दर तीन महिन्यांनी नाकात दुर्बीण घालतात, आणि निकाल येईपर्यंतचे चार दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. बुरशी परत येऊ शकते. मी गोळी आणि इन्सुलिन चुकवत नाही. पाणी पिते.

खिडकी

एका डोळ्यानं पायरीचा अंदाज येत नाही, म्हणून गाडीवरचं काम सुटलं. आता मी डेपोत पासच्या खिडकीवर बसते, काळा चष्मा लावून. मागच्या महिन्यात पन्नाशीचा एक माणूस मुलीच्या पासचा फॉर्म घेऊन आला. एका गालाला सूज, रुमाल नाकाशी. मला तो वास खिडकीतून आला. तो वास मी विसरणं शक्य नाही.

"दादा, नाकाचं काय झालं?"

"काही नाही मॅडम. सर्दी. महिना झाला, जाऊन नाही राह्यली."

"शुगर आहे?"

तो दचकला. "आहे थोडीशी. तुमाले कोणी सांगतलं?"

मी गालाला बोट लावायला सांगितलं. एका बाजूला लावा, मग दुसऱ्या. त्यानं लावलं आणि त्याचा चेहरा बदलला. तरी म्हणाला, "जाईन एखाद्या दिवशी. सोयाबीन काढणं चालू आहे."

त्याच्या मागं रांग होती. मी चष्मा काढला. घरच्यांखेरीज आणि डॉक्टरांखेरीज मी तो कुणापुढं काढला नव्हता. रांगेतली एक पोरगी किंचाळली. त्या माणसानं मात्र नजर हलवली नाही.

"मीही एखाद्या दिवशी जाणार होते," मी म्हटलं. "तिकडं जालन्याची गाडी लागली आहे. बसा."

"आज?"

"आत्ता."

तो फॉर्म तिथंच सोडून गेला. मी खिडकीतून पाहत होते. तो गाडीपाशी थांबला, कुणाला तरी फोन केला, आणि चढला. पुढं काय झालं मला माहीत नाही. फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, त्यावर त्याचा नंबर आहे. तो पास न्यायला अजून आलेला नाही, आणि मला फोन लावायची हिंमत होत नाही.